लाल पाटीचं स्टूल

शपथ घेऊन सांगते, माझ्या डोळ्यांची, माझ्या उरल्यासुरल्या दातांची, वाटल्यास आमच्या ह्यांच्या टकलाची, पुढे लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. घरातली पोरं म्हणतात, आजी फेकते. फेकत असेन एरवी. एकदा ट्रंककॉलवरून आलेल्या शिंकेनं माझे केस उडाले होते, हे मी सांगितलं तेव्हा थोडं जास्त झालं असेल. पण ही गोष्ट वेगळी. ह्या गोष्टीत सरकार आहे, पोलीस आहेत, आणि माझी सासू आहे. ह्या तिघांबद्दल खोटं बोलायची माझी काय टाप?

तेव्हा फोन काही खिशात फिरत नव्हता. घरातला फोन उचलला की आमच्या एक्सचेंजमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलमध्ये, एक दिवा लागायचा. दिव्यापुढे उंच स्टुलावर एक बाई बसलेली. तिनं दोरीचा प्लग दिव्याखालच्या भोकात खुपसायचा, ‘नंबर सांगा’ म्हणायचं आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात घालायचं. दिव्यांच्या-भोकांच्या त्या उभ्या फळीला आम्ही ‘पाटी’ म्हणायचो, आणि अशा पाट्यांपुढे बायकांची अख्खी रांग. मी त्यातली एक.

आणि रांगेच्या मागून येरझाऱ्या घालायची माझी सासू.

हो, सख्खी सासू. घरी ‘आई’, हॉलमध्ये ‘मोठ्या बाई’. मुख्य सुपरवायझर. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पण चालताना एक किल्ली वाजेल तर शपथ. कान असा, की खालच्या मजल्यावर कुणी चहात साखर जास्त घातली तरी त्यांना ढवळण्यावरून कळायचं. लग्नाआधी मी त्यांना घाबरायचे ते नोकरीसाठी. लग्नानंतर दोन्हीकडे घाबरायला लागले.

हॉलच्या भिंतीवर लाल अक्षरांत एकच नियम रंगवलेला होता: ‘रिलीफ आल्याशिवाय जागेवरून उठू नये.’ रिलीफ म्हणजे बदलीची बाई. ती मागे येऊन उभी राहणार, तुमच्या डोक्यावरचं कानयंत्र आपल्या डोक्याला लावणार, मगच तुम्ही उठायचं. कशाहीसाठी. आता तुम्ही समजून घ्या, कशाहीसाठी म्हणजे कशासाठी. हात वर करायचा आणि वाट बघायची. मोठ्या बाई हाताकडे बघायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “थांब.” कारण बदलीच्या बायका होत्याच कुठे? वरच्या साहेबांनी त्या केव्हाच कमी केलेल्या. म्हणून आम्ही सगळ्याजणी कामावर येण्याआधी पाणीच प्यायचो नाही. घसा कोरडा, ओठ फुटलेले, आणि दिवसभर गोड आवाजात ‘नंबर सांगा’. एक पोरगी तर स्टुलावरून चक्कर येऊन पडली, आणि पडताना तिचा हात वरच होता.

त्याच दिवशी आम्ही संपावर गेलो. शहरात लोक विचारायचे, मागणी काय हो तुमची? आमची पुढारी ‘शिडी’ सरळ सांगायची, “मुतायला जाऊ द्या.” शिडी म्हणजे इतकी उंच, की मधल्या स्टुलावर बसून रांगेच्या दोन्ही टोकांचे प्लग लावायची. वर्तमानपत्रवाले लाजायचे आणि ‘मूलभूत सुविधांची मागणी’ असं छापायचे.

सगळ्या पाट्या बंद पडल्या. एक सोडून.

ती एक म्हणजे भिंतीकडची लाल पाटी. दवाखाना, आगीचा बंब, रुग्णवाहिका आणि चौकाचौकातल्या, मदतीच्या फोनच्या लाल पेट्या ह्यांच्या लाइनी तिच्यावर यायच्या. मंत्र्यांच्या बंगल्याची लाइन पण तिथेच होती. मंत्री स्वतःला आगीच्या बंबाबरोबरच धरायचे. ह्या पाटीची परीक्षा वेगळी, नापास झालात तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू द्यायचे नाहीत. शिडीनं पहिल्याच दिवशी ठरवलं, लाल पाटी चालू ठेवायची. रोज आपल्यातली एक जाऊन बसेल. ती ना कामावर, ना संपावर. लोक मरू द्यायचे नाहीत. सरकारनंही मान डोलावली, कारण सरकारलाही कधीतरी छातीत दुखतं.

घरी मात्र काय सांगू. एकाच टेबलाशी इकडे मी संपवाली, तिकडे सरकारच्या बाजूच्या मोठ्या बाई. मध्ये आमचे हे, शाळेत चित्रकला शिकवायचे.

“आईंना सांगा, मीठ द्या म्हणावं,” मी म्हणायचे.

“तिला सांग, संपवाल्यांना मीठसुद्धा आयतंच लागतं,” आई म्हणायच्या.

आमचे हे दोघींकडे बघून मीठ न घालताच जेवायचे.

पण एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं, आणि ती गोष्ट म्हणजे चिमी. चिमी माझी नणंद, आईंची एकुलती एक लेक. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची, नवरा बोटीवर. तिचे दिवस भरत आले होते आणि आधीचं एक गेलेलं. डॉक्टरनं बजावलं होतं, कळ आली की एक क्षण घरात थांबायचं नाही. तिच्या घरात फोन नव्हता. कोपऱ्यावर लाल पेटी होती. म्हणजे चिमीचा जीव कुठे अडकलेला? लाल पाटीवर. रोज संध्याकाळी आई माझ्याकडे न बघता भिंतीला विचारायच्या, “आज चौकातल्या पेटीवरून काही?” त्या दिवशी पाटीवर बसलेल्या बाईकडून कळलेलं मी दुसऱ्या भिंतीला सांगायचे, “नाही.” एवढंच आमचं बोलणं. पण त्या एका ‘नाही’साठी दोघी दिवसभर जीव मुठीत धरून असायचो.

मग आला समेटसाहेब. कामगार खात्याचा अधिकारी. हातात छत्री, खिशात लिमलेटच्या गोळ्या. आमच्याकडे यायचा, गोळी द्यायचा, म्हणायचा, “बायांनो, थोडं तुम्ही सोडा.” मग साहेबांकडे जायचा, गोळी द्यायचा, म्हणायचा, “थोडं तुम्ही सोडा.” शेवटी गोळ्या संपल्या.

गोळ्या संपल्या तशी सरकारची भाषा बदलली. रेडिओवर गाणं चालू होतं ते मधेच तोडलं आणि खर्जातला एक आवाज आला. टेलिफोन ही अत्यावश्यक सेवा आहे. देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. संप बेकायदा. उद्या दुपारचा भोंगा वाजेल तेव्हा जी आपल्या जागेवर असेल ती कामावर परतली असं धरलं जाईल. जी जागेवर नसेल तिला अटक, नोकरीवरून कमी, आणि सरकारी घर खाली.

आम्ही अत्यावश्यक आहोत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं.

शिडीच्या घराच्या जिन्यात आम्ही सगळ्या जमलो. एकीचं तोंड दुसरीला बघवत नव्हतं. घर जाणार म्हणजे पोराबाळांना घेऊन जायचं कुठे? आणि त्यात कोणीतरी म्हणालं, “उद्या लाल पाटीवर कोणाची पाळी?”

माझी होती.

घोडं तिथेच अडत होतं. भोंग्याच्या वेळी मी लाल पाटीवर बसलेली असेन, म्हणजे हुकमाप्रमाणे मी कामावर परतले. तासाभरात रेडिओ ओरडणार, ‘संप फुटला, बायका परतल्या.’ बाहेरच्या निम्म्याजणी ते ऐकूनच फाटकातून आत शिरणार. आणि मी उठून आले तर? पाटीवर लष्करातून आणलेली पोरं बसणार. बाकीच्या पाट्यांवर सरकारनं ती आणून बसवलीच होती, आणि आदल्याच दिवशी त्यांनी भलत्याच भोकात प्लग घालून आगीचा बंब एका साखरपुड्याला पाठवला होता. नवरा मुलगा चिंब झाला, खोटं नाही सांगत.

“मी काय करू गं?” मी शिडीला विचारलं.

“बस. पण काम करू नकोस. आणि उठू नकोस.”

“म्हणजे नेमकं काय?”

“ते मला माहीत असतं तर मी मंत्री झाले असते,” शिडी म्हणाली. पण हसली नाही. तिच्या घरात म्हातारे आईबाप होते.

सकाळी आई माझ्याशी बोलल्या. भिंतीशी नाही, माझ्याशी.

“आज जाऊ नकोस. तुला ताप आहे असं मी कळवते.”

“मला ताप नाही आई.”

“येईल. असं तोंड केलं की येतोच.” मग म्हणाल्या, “पोलीस येणारेत. तुला धरून नेलं तर मी मागे उभी राहून बघू? घरी तोंड कोणाला दाखवू?”

“आणि चिमीची पेटी वाजली तर? लष्करातला पोरगा उचलेल.”

आईंनी कप उचलला, परत खाली ठेवला. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. “मी पुढे जाते,” म्हणाल्या. “माझ्याबरोबर येऊ नकोस. बरं दिसत नाही.”

त्या गेल्या आणि मी एक मूर्खपणा केला. असा मूर्खपणा फक्त एक्सचेंजमधलीच करू शकते, आणि तीही संपात. तोंडचं पाणी पळालं होतं, घशाला कोरड पडली होती, म्हणून मी पाणी प्यायले. पेलाभर. मग अजून एक. मग चहा. संपाच्या दिवसांत मी माणसासारखं पाणी प्यायला शिकले होते, तहान लागली की प्यायचं. इतकं सवयीचं झालं होतं की स्टुलावर बसायला निघालेय हे डोक्यातच आलं नाही. फाटकाशी पोचल्यावर आलं. तोवर पाणी पोटात होतं.

फाटकाबाहेर आमच्या सगळ्याजणी हातात हात घालून उभ्या. त्यांच्यासमोर पोलिसांच्या गाड्या, मागची दारं उघडी. शिडी लांबूनच दिसली, मी मान हलवली आणि आत गेले.

हॉलमध्ये रांगभर लष्करातली पोरं बसलेली, ताठ. दिवा लागला की ओरडायची, “नंबर!” पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवायचा. माझ्या शेजारच्या पोराच्या मानेवर घाम आणि पायाशी पाण्याची भलीमोठी पितळी किटली. त्यांना पाणी प्यायची मुभा होती. बदली लागली की त्यांचा दुसरा पोरगा यायचा. तो दर थोड्या वेळानं किटली तोंडाला लावायचा, गटगट, गटगट. तो आवाज माझ्या कानात नाही, भलतीकडेच ऐकू येत होता.

“पाटीजवळ पाणी नको,” मोठ्या बाई त्याला म्हणाल्या.

“हुकूम, बाई,” तो म्हणाला आणि किटली तशीच ठेवली.

मी कानयंत्र लावलं. आगीचा एक फोन आला, जोडला. एका म्हाताऱ्याला दम लागला होता, जोडला. प्रत्येक लाल दिव्याला वाटायचं, चिमी. काटा बाराकडे सरकत होता आणि मी गुडघे एकमेकांना घट्ट लावून बसले होते.

भोंगा वाजला.

असा वाजला, की खिडकीच्या काचा वितळल्या. बरं, थरथरल्या. दार उघडून समेटसाहेब आला, मागे एक जाडजूड हवालदारीणबाई. समेटसाहेबानं आज गोळी दिली नाही.

“बाई,” तो मला म्हणाला, “तुम्ही जागेवर आहात. म्हणजे कामावर परतलात. बरोबर?”

सगळी लष्करी पोरं माझ्याकडे वळली. मोठ्या बाई माझ्या मागे होत्या, मला दिसत नव्हत्या, पण पहिल्यांदाच त्यांच्या किल्ल्या वाजलेल्या ऐकल्या.

“नाही,” मी म्हटलं. “मी संपावर आहे.”

“मग तुम्हाला अटक आहे. उठा.”

हवालदारीणबाईनं माझ्या दंडाला हात घातला. मी उठणारच होते हो. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पोटातल्या पाण्याचं तर बोलायलाच नको. मी एक पाय खाली टेकवला.

आणि मागून आवाज आला. तोच, जो मी इतकी वर्षं ऐकत होते.

“रिलीफ आल्याशिवाय उठायचं नाही!”

माझा पाय आपोआप वर गेला. हवालदारीणबाईचा हात सुटला. शेजारचा पोरगा पाण्याचा घोट घेत होता, तो पण ताठ बसला.

समेटसाहेब वळला. “बाई, तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?”

मोठ्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांच्या तोंडून ते निघून गेलं होतं. सवयीनं. शिंक यावी तसं. पण निघाल्यावर मागे घेतील तर त्या मोठ्या बाई कसल्या?

“मी नियमाच्या बाजूची,” त्या म्हणाल्या. “हा भिंतीवर आहे. सरकारनंच रंगवलाय.”

“पण ही संपावर आहे!”

“असू दे. संपावर असो नाहीतर चंद्रावर असो. लाल पाटी रिकामी राहायची नाही. रिलीफ आणा, मग उठवा.”

“ह्यांच्यातला एक बसवा की.” साहेबानं पोरांकडे बोट केलं.

“ह्यांच्यातला कोण लाल पाटीची परीक्षा पास आहे?” कोणी हात वर केला नाही. साखरपुड्याला बंब पाठवणारा खाली बघायला लागला.

“मग तुम्ही बसा!”

“सुपरवायझरनं पाटीवर बसायचं नाही. तोही नियम आहे. तो दाराच्या मागे आहे.”

समेटसाहेबानं दार लोटून बघितलं. होता.

असं मला बसल्या बसल्या अटक झाली. हवालदारीणबाई स्टुलाच्या मागे स्टूल धरून उभी राहिली, जसं काही मी स्टुलासकट पळणार होते. खाली फाटकावर बायकांना गाड्यांत भरायला सुरुवात झाली होती. आरडाओरडा वर ऐकू येत होता. मी हात वर केला.

मोठ्या बाईंनी हाताकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. “थांब,” म्हणाल्या.

मी थांबले. लाल दिवा, जोडला. परत हात वर. “थांब.” समेटसाहेब बघत होता. संपाची मागणी त्यानं कानांनी ऐकली होती, डोळ्यांनी आज बघत होता. त्याला कळेना कुठे बघावं. तो छत्रीच्या टोकाकडे बघत राहिला. शेजारी गटगट चालूच. माझ्या कपाळावर घाम आला, मग थंडी वाजायला लागली, मग समोरचे दिवे एकाचे दोन दिसायला लागले. मला एवढंच भान होतं, की आता हललं तर संपलं.

तेव्हा तो दिवा लागला. चिमीच्या कोपऱ्यावरच्या पेटीचा.

हातातून प्लग निसटला. दुसऱ्यांदा लावला. पलीकडे तिची शेजारीण, धापा टाकत. “लवकर पाठवा हो, पोरीला रक्त जातंय, नवरा इथे नाही...”

“पत्ता माहीत आहे मला,” मी म्हटलं. “फोन ठेवू नका.” रुग्णवाहिकेच्या भोकात प्लग घातला. घंटी वाजतेय, वाजतेय, कोणी उचलेना. मला मागे वळायची गरज नव्हती. आईंना कळलं होतं. त्यांचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

“उचललं?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“उचललं?”

“नाही आई!”

हॉलमध्ये मी पहिल्यांदाच त्यांना आई म्हटलं. मग पलीकडून “हां, बोला” आलं, मी पत्ता सांगितला, ड्रायव्हरनं परत विचारला, मी परत सांगितला, शेजारणीला जोडून दिलं. पण मला जमेना आता. “आई,” मी म्हटलं, “मी पडेन. लाइन तुटेल. मी पडेन.”

पुढे सगळं एका दमात झालं. आईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून समेटसाहेबाच्या हातात कोंबला. म्हणाल्या, “मी आता सुपरवायझर नाही.” माझ्या डोक्यावरचं कानयंत्र काढून आपल्या डोक्याला लावलं. स्टुलाकडे येताना त्यांचा पाय त्या किटलीला लागला, किटली उलटली, आणि ते सगळं पाणी स्टुलावर, माझ्या कपड्यांवर, फरशीवर. ढणढणढण किटली हॉलभर फिरली. “पाटीजवळ पाणी ठेवू नको म्हणून सांगितलं होतं ना!” त्या शेजारच्या पोरावर अशा कडाडल्या, की तो “चुकलं बाई, चुकलं बाई” म्हणत गुडघ्यावर बसून आपल्या टोपीनं फरशी पुसायला लागला. मी चिंब. मी पळत सुटले, माझ्या मागे हवालदारीणबाई, “अहो आरोपी, हळू! अहो आरोपी, घसराल!” आणि मी पोचले. वेळेत पोचले, देवाची कृपा.

परत आले तेव्हा आई त्या ओल्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. लाइन धरून.

“निघाली,” त्या मला म्हणाल्या. “गाडीत घातलंय तिला. शुद्धीवर आहे.” मग त्यांचा आवाज बदलला. “मला जायचंय. चिमीकडे जायचंय मला.”

समेटसाहेब म्हणाला, “जा ना बाई, आता ही आलीय...”

“मी अटकेत आहे,” मी म्हटलं. “मला उठवलंय तुम्ही. विचारा हिला.”

“उठवलंय,” हवालदारीणबाई म्हणाली. “ताब्यात आहे.”

“मग माझा रिलीफ कोण?” आई म्हणाल्या. इतकी वर्षं ज्यांनी ‘थांब’ म्हटलं, त्या बाईनं हात वर केला होता. आणि त्यांच्याकडे बघायला कोणी नव्हतं. लेक गाडीत, आणि ही स्टुलावर. मला ते बघवेना. मी सांगते, त्या क्षणी मी संप, शिडी, सगळं सोडून बसले असते. मी पाऊल टाकलंही होतं.

तेवढ्यात मंत्र्यांचा दिवा लागला.

आईंनी प्लग लावला. मंत्र्यांना समेटसाहेब हवा होता, संप फुटला का ते विचारायला. “ते इथेच आहेत,” आई म्हणाल्या, “पण आधी माझं ऐका. एक्सचेंजच्या मोठ्या बाई बोलतेय. माझी लेक दवाखान्यात चाललीय. मला उठायचंय.”

पलीकडे काय म्हणाले ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. आई मोठ्यानं बोलून दाखवायच्या, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं.

“काय म्हणता? उठा मग? उठता येत नाही साहेब. नियम तुमचा आहे. रिलीफ नाही... रिलीफ कुठे आहे? तुमच्याच गाड्यांत कोंडलाय साहेब, खाली, फाटकावर... हो, सगळ्याजणी. त्यातली एक आणली तरी ती बसेल, पण म्हणते, उठावंसं वाटलं की उठणार... काय म्हणालात? परत सांगा.” आईंनी मान वळवून समेटसाहेबाकडे बघितलं. “मंत्री म्हणतात, अहो उठू द्या ना, उठायला कोण नको म्हणतंय! ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलं?”

“हुकूम, बाई!” लष्करातली पोरं एका सुरात ओरडली. त्यांनी काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं.

समेटसाहेब खाली धावला. वर आला तेव्हा बरोबर शिडी होती, वेणी सुटलेली, एक बाही फाटलेली.

“बसते,” ती म्हणाली. “पण संपावर आहे.”

“बसा हो,” तो म्हणाला. “आणि उठायचं तेव्हा उठा. मंत्रीच म्हणालेत. मी साक्षीदार आहे.” खिशात चाचपून त्याला एक गोळी सापडली, ती त्यानं स्वतःच खाल्ली.

शिडीनं कानयंत्र आपल्या डोक्यावर घेतलं. त्यानंतर आई उठल्या. आधी नाही.

गाड्यांची दारं संध्याकाळपर्यंत उघडली. दर पाळीला बदलीच्या दोन बायका, हात वर केला की रिलीफ, एवढं कबूल झालं. रेडिओवर सांगितलं, सरकारनं वेळीच खंबीर पावलं उचलल्यामुळे सेवा सुरळीत झाली. शिडी म्हणाली, “पावलं नाही, किटली.” पण चिमीचं पोर जगलं. मुलगी. अशी रडायची की लोकांना वाटायचं भोंगाच वाजला, कित्येकजण कामावर जायला निघायचे. किल्ल्यांचा जुडगा मात्र आईंना कोणी परत दिला नाही. सुपरवायझरनं पाटीवर बसायचं नव्हतं ना. निवृत्त होईपर्यंत त्यांना तळघरात बॅटऱ्यांची धूळ पुसायला ठेवलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. टेबलावर मीठ मात्र स्वतः माझ्यापुढे सरकवायला लागल्या.

तर असं आहे सगळं. शब्द न् शब्द खरा.

एक तेवढा सोडून. मी वेळेत पोचले असं वर लिहिलंय ना, ते मी मनाचं घातलंय. मी जागची हलायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं. हवालदारीणबाईचं लक्ष तेव्हा खाली फाटकावरच्या आरड्याओरड्याकडे होतं, माझ्याकडे बघत होत्या त्या फक्त आई, फक्त त्यांनी बघितलं. किटली त्यानंतर उलटली.